काचेच्या कपाटातली बॅटरी

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि निवांत बसणे माझ्या नशिबी नाही. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा असतो. तुम्ही तो दिवसातून एकदोनदा पाहत असाल. मी तो क्षणाक्षणाला पाहतो. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते मला विचारा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. एलित्साने मला डोंगरातल्या स्मोल्यान गावी आपल्या घरी नेले आणि सोबत माझ्याच कंपनीची एक जादा बॅटरी घेतली. एलित्सा कमी ऐकू येणाऱ्यांना कर्णयंत्र लावून देते. यंत्र मला जोडायचे आणि त्या माणसाच्या कानाला मानवेल असा आवाज जुळवायचा, हे आमचे काम. डोंगरातल्या गावोगावी मी तिच्या मांडीवर बसून ते केले. एका आजीला ऐकू आले तेव्हा तिने एलित्साचा मुका घेतला आणि मग माझाही. तेव्हा मी भारी फुशारलो होतो.

जादा बॅटरी मात्र एलित्साच्या आईने, स्तोयनाने, खोक्यातून काढू दिली नाही. "नवी वस्तू लगेच कशाला काढायची? चांगलं ते जपून ठेवावं," असे म्हणून तिने ती काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठीच्या प्याल्यांशेजारी ठेवली. त्याच कपाटात तिचे स्वतःचे कर्णयंत्रही होते. ते ईस्टरला आणि पाहुणे आले की निघे. एरवी त्या घरात टीव्ही ओरडे आणि एलित्साही.

सहा वर्षांनी माझी बॅटरी थकली. चाळीस टक्के म्हणता म्हणता एकदम अंधार होऊ लागला. आणि तो एकदा नको त्या दिवशी झाला.

मानोल आजोबा मेंढपाळ. त्यांच्या कळपातल्या घंटा एकमेकींशी जुळवलेल्या, पण प्रत्येकीचा स्वर वेगळा. धुक्यात कुठली मेंढी कुठे भरकटली, ते आजोबा घंटेवरून ओळखत. अलीकडे त्यांना ऐकू येईना, आणि त्यांचे कर्णयंत्र घंटांना गोंगाट समजून दाबून टाकी. म्हणून एलित्सा मला घेऊन थेट मेंढ्यांच्या वाड्यावर गेली. तिथे वीज नव्हती. नवी जुळणी यंत्रात उतरत होती, अर्धी झाली होती, आणि मी विझलो. यंत्र मुके झाले.

आजोबांनी ते कानातून काढून खिशात टाकले. "पोरी, मी बहिरा आणि हे माझ्याहून बहिरं. शनिवारी गिऱ्हाईक येतंय. घंटांसकट कळप देऊन मोकळा होतो."

एलित्साने त्यांच्या कानाशी तोंड नेले. "शनिवारी मी सकाळीच येते, आजोबा. तोवर सौदा करू नका."

"ये की. मेंढ्यांना निरोप द्यायला ये."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण मी तर आधीच मेलो होतो.

घरी येताच एलित्साने कपाट उघडले. "बघ, मी जपली म्हणून आज कामाला आली," आई म्हणाली. मीही मनात नाचलो. माझ्या कंपनीची, माझ्या घराण्यातली! एलित्साने ती बसवली, मला विजेला जोडले, आणि आम्ही वाट पाहिली. आकडा शून्यावरून हलेना. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

बसस्थानकाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात दुकानदार चावदारने ती यंत्रावर मोजून पाहिली. "ही वापरून नाही मेली, पडून पडून मेली," तो म्हणाला. "बॅटरी शोभेला ठेवली की अशीच जाते."

"मग दुसरी अस्सल दे."

"हे मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं. मागवली तर तीन आठवडे लागतील. आणि येईल ती गोदामात पडून असलेली, हिचीच जुळी बहीण."

त्याने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एकीवर माझ्या कंपनीचे नाव सोनेरी अक्षरांत आणि खाली क्षमतेचा भला मोठा आकडा. माझा जीव तिच्यावर जडला. चावदारने दोन्ही स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवल्या. सोनेरीवाली निम्मी भरली.

"आतमध्ये मालच नाही, तर आकडा कुठून येणार? नावही चोरलेलं," तो म्हणाला. "ही दुसरी परक्या कंपनीची आहे, पण स्वतःचं नाव लावून आलीय. तीन महिन्यांपूर्वी बनलेली, तापली तर आपणहून बंद होते, वर्षाची हमी. माझा लॅपटॉप असता तर हीच बसवली असती."

परकी! मी आतल्या आत तडफडलो. एलित्साने मात्र तीच घेतली आणि दोन दिवस मला भरून, रिकामे करून, पाठीला हात लावून पाहिले. आकडा जिन्याने उतरावे तसा उतरला. कुठे उडी नाही.

शनिवारी गिऱ्हाइकाचा ट्रक वाड्याशी उभाच होता. मी आजोबांच्या यंत्राला जोडला गेलो. जुळणी उतरू लागली. अर्ध्यावर आलो, गेल्या वेळी मी इथेच विझलो होतो. माझे सगळे लक्ष आकड्यावर. एकसष्ट. साठ. साठच. जुळणी पूर्ण झाली.

मेंढ्या हलल्या. आजोबांनी मान खाली घालून एकेक घंटा ऐकली. मग म्हणाले, "त्या काळ्या मेंढीची घंटा तडकलीय." आणि गिऱ्हाइकाकडे वळून, "तडकलेल्या घंटेचा कळप विकत नसतात. जा तू."

"मग परत कधी येऊ?"

"फोन कर. आता ऐकू येतो."

घरी एलित्साने हे सारे ओरडून आईला सांगितले. आई ऐकत होती आणि टेबलावरच्या मेलेल्या बॅटरीकडे पाहत होती. तिचा कोरा खोकाही अजून शेजारीच होता. मग आई उठली, कपाट उघडले आणि आपल्या कर्णयंत्राची डबी काढली.

"कोण येणार आहे?" एलित्साने विचारले.

"कोणी नाही," आई म्हणाली. "लावून दे. आणि ओरडू नकोस."

मित्रांनो, माझा आकडा अजून उतरतो आणि मी अजून घाबरतो. पण कपाटातल्या त्या माझ्या बहिणीचा आकडा कधी चढलाही नाही. म्हणून एवढेच मागतो. नावाला भुलू नका, तारीख पाहा, वजन पाहा. आणि घरात काही चांगले असेल, तर ते पाहुण्यांची वाट पाहत ठेवू नका.