बोट आधी, आवाज नंतर

हिरामणनं तबला-डग्गा उचलून दोन हात डावीकडे मांडला. आता कीबोर्डवरची तृप्तीची दहाही बोटं सरळ नजरेत येत होती.

"काका, तिथं पंख्याचं वारं लागणार नाही," ती म्हणाली.

"मला वारं नकोय. तू वाजव."

तिनं शेजारच्या लॅपटॉपवर टिचकी मारली, बोटं टाकली, आणि नाशिक रोडच्या त्या कॉलनीच्या समाजमंदिरात वीसेक व्हायोलिनं एकदम भरून आली. उद्या चांदवडला भावगीतांचा कार्यक्रम होता आणि ही शेवटची तालीम होती.

हिरामणची सगळी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये झाली. एकतीस वर्षं छापून आलेल्या तावांवर नजर फिरवायची आणि चुकलेली नोट शोधायची, हेच काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी दिली तरी तो ती दोनदा उलटून बघायचा.

त्या नजरेनं तृप्तीलाही पहिल्याच आठवड्यात धरलं होतं. तिचं बोट आधी पडायचं आणि आवाज मागून यायचा. फरक अगदी थोडा, पण दर वेळी. म्हणजे सगळं आधीच रेकॉर्ड करून आणलंय आणि ही पोरगी वर नुसती बोटं नाचवते, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. त्यानं तिला विचारलंही होतं.

"या आवाजाला उठायला वेळ लागतो, काका. खूप जणांनी मिळून गज ओढल्यासारखा तो हळू भरतो. म्हणून मी बोट जरा आधी टाकते."

उत्तर फार पटकन आलं होतं. त्यामुळं त्याचा संशय आणखीच वाढला.

सलीमचं तसं नव्हतं. सलीम तीस वर्षं त्याच्या बाजूला बसून व्हायोलिन वाजवत आला होता. गेल्या पावसाळ्यात चिकनगुनियानं त्याची बोटं आखडली आणि दोन महिने व्हायोलिन पेटीत पडून राहिलं. पण परत आला तो असा वाजवायला लागला, की हिरामण ज्याला त्याला सांगत सुटला, "याला म्हणतात वाजवणं. नाहीतर ती बघा, डबा उघडून बसलीय." तृप्तीला आणलं होतं तेही सलीमनंच, त्याच्याच गल्लीतून. भोळा माणूस, फसला असेल, असं हिरामणला वाटायचं.

म्हणून त्यानं गाणाऱ्या मीनाला आदल्या दिवशी बाजूला घेतलं होतं. "दुसऱ्या अंतऱ्यात मी मधेच हात उचलीन. तूही थांब. ती खरंच वाजवत असेल तर थांबेल. रेकॉर्ड असेल तर पुढं जाईल. पुढं गेलं की चांदवडला ती नाही."

"अन् तिच्याशिवाय भागेल, दादा?"

"सलीम आहे की."

दुसरा अंतरा आला. सलीमनं डोळे मिटून गज ओढला आणि स्पीकरमधून एकट्या व्हायोलिनचा सूर असा वर चढला, की हिरामणला हात थांबवेना. तरी त्यानं ओळीच्या मध्यावर दोन्ही हात उचलले. मीना थांबली.

तृप्तीचे हात तत्क्षणी वर आले. सगळी व्हायोलिनं गप्प झाली, ते एकटं व्हायोलिनसुद्धा.

सलीमचा गज मात्र चालू होता. डोळे मिटलेले, मान कललेली. गज तारेवरून या टोकाचा त्या टोकाला गेला आणि परत आला. आवाज नव्हता. राळ न लावलेला गज असाच नुसता सरकतो, हे हिरामणला माहीत होतं. तारेवरची डावी बोटं तर नीट वाकतही नव्हती.

मीनाची त्यांच्याकडे पाठ होती. ती वळली तोवर सलीमनं गज खाली घेतला होता.

"थांबली की, दादा," ती हळूच म्हणाली आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

तृप्ती कीबोर्डकडे बघत बसली होती. चार महिने तिनं त्याची नजर सोसली होती आणि एका शब्दानं सुटका करून घेता आली असती, तरी घेतली नव्हती. हिरामणला लाज वाटली. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. सलीमनं कालच्या या पोरीला सांगितलं आणि त्याला नाही.

"मला सांगायचं होतंस, सलीम."

"तुला?" सलीमनं गज पेटीत ठेवला, पुन्हा बाहेर काढला. "तुला एक चूक दिसली की तू ताव बाजूला काढतोस. मला बसायचं होतं रे, इथंच."

हिरामणनं सलीमच्या आखडलेल्या बोटांकडं पाहिलं.

"तू हिच्याकडं बघत होतास," सलीम म्हणाला, "तोवर माझं बरं चाललं होतं. हिलाच म्हटलं, बेटा, बघू दे त्याला."

मीना ओढणीनं तोंड पुसत आत आली. "मग उद्याचं काय ठरलं?"

हिरामणनं डग्ग्यावरून हात फिरवला.

"तृप्ती येतेय," तो म्हणाला. "तिला सलीमच्या मागं बसवू. आणि स्पीकर सलीमच्या अगदी पायाशी ठेवा."