चादरीखालचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. पिंजरा म्हटल्यावर माझ्यात पोपट शोधू नका. मी आजवर कुणालाच कोंडलेलं नाही. तीन कमानी आणि त्यांना जोडणाऱ्या चार दांड्या, एवढाच माझा देह. इस्पितळातल्या भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात मला रुग्णाच्या अंगावरून पलंगावर उभं करत आणि माझ्यावर चादर पांघरत. चादरीचा भार मी घ्यायचा, म्हणजे ती रुग्णाच्या अंगाला लागत नसे. भाजलेल्या कातडीला धुवट सुती कापडाचा स्पर्शही सोसत नाही. हे तुम्हाला अनुभवाने कधी कळू नये.

एका वेल्डरच्या दुकानात मी जन्मलो. मला वाकवताना शेजारच्या दुकानदाराने विचारलं होतं, "कोंबड्यांसाठी का रे?" वेल्डर म्हणाला, "नाही, माणसांसाठी." शेजाऱ्याला तो विनोद वाटला. मग माझ्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात चढले आणि मी वॉर्डात आलो. माझ्या मधल्या कमानीला एक बल्ब टांगत, कारण भाजलेल्या माणसाला थंडी फार वाजते. आगीतून आलेला माणूस कुडकुडतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

माझं कौतुकही झालं. भट्टीत पाय भाजलेला एक म्हातारा पाववाला मला छत्री म्हणायचा आणि सकाळी माझ्या दांडीवर टिचकी मारून विचारायचा, "काय छत्री, झोप झाली का?" घरी जाताना त्याने मला पुसून दिलं. वॉर्डातल्या मावशी मात्र मला पुसताना रोज कुरकुरायच्या, की याला कोपरेच जास्त.

त्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांचा शब्द चाले. त्यांचा आवाज करडा आणि चाल चपळ. नवा रुग्ण आला की त्या आधी जखम बघत नसत. आधी विचारत, "किती वाजता भाजलं?" सलाइन किती आणि किती वेगाने द्यायचं, त्याचा हिशोब भाजल्या वेळेपासून चालतो, इस्पितळात आल्या वेळेपासून नाही. मग बोटातली अंगठी काढून घेत, कारण बोटं बघता बघता सुजतात. मग धूर आत गेलाय का हे कळायला नाकात डोकावून काजळी आहे का बघत आणि रुग्णाला बोलायला लावत. काहीही बोला म्हणत. त्यांना शब्द नको असत, आवाज कसा आहे ते हवं असे.

आणि मित्रांनो, त्या आणखी एक गोष्ट करत. जखमेला हलकेच हात लावून विचारत, "कळतंय?" रुग्ण ओरडला तर त्यांचा चेहरा थोडा उजळे. रुग्ण शांतपणे "नाही" म्हणाला, तर त्या गप्प होत. मला ते उलटं वाटायचं. ते उलटं का नाही, हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

सकाळचे नऊ वाजले होते. एका बाईंना आणलं. मुलीला शाळेत पाठवून त्या चहा ठेवायला ओट्यापाशी गेल्या होत्या. गॅसची नळी गळत होती, काडी ओढली आणि भडका उडाला. छाती, गळा, हात, चेहरा, सगळं भाजलं होतं. पावलं तेवढी ओट्याच्या आडोशाने वाचली होती. मला त्यांच्या अंगावर उभं केलं, बल्ब लावला, चादर टाकली. माझ्या टोकाशी चादरीबाहेर दोन गोरीपान पावलं राहिली, अगदी जशीच्या तशी. त्यांचा नवरा बस चालवायचा. तो तसाच कामावरच्या गणवेशात आला होता आणि किल्ल्यांचा जुडगा हातातून खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, आवाजावर लक्ष ठेवायला बजावलं आणि ते ऑपरेशनला गेले. मोठ्या सिस्टर पलीकडच्या पलंगावर एका अत्यवस्थ रुग्णात अडकल्या होत्या. बाईंजवळ राहिली नवी सिस्टर. वॉर्डात तिचा चौथा दिवस होता. कामाला वाघ, पण मनाने लोणी.

"ताई, छातीत फार आग होतेय का हो?" तिने विचारलं.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "हाताला चुरचुरतंय. छातीचं काहीच नाही. दुखत नाही."

नव्या सिस्टरचा जीव भांड्यात पडला. ती तशीच बाहेर गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, धीर धरा. त्यांना दुखत नाहीये. चांगल्या बोलतायत."

"मुलीला आणू का शाळेतून? शाळा इथे मागेच आहे, घरून शाळेच्या गाडीने येते ती."

"आत्ता नको. लहान आहे, घाबरेल. पट्ट्या जरा कमी झाल्या की आणा. तुम्ही घरी जाऊन कपडे, कागदपत्रं घेऊन या."

तो माणूस पहिल्यांदा नीट श्वास घेऊन निघाला. तिने हे प्रेमापोटी केलं होतं. त्यात लबाडी तसूभरही नव्हती. म्हणूनच मला ते आजही सलतं.

ती परत आली. बाई हळूहळू बोलत होत्या. "माझी मुलगी झोपेची भारी पक्की. तिला हाक मारून उठवलं की दचकते, मग दिवसभर रडूबाई. यांना माहीत नाही, हे पहाटेच जातात ना कामावर. पायाचा अंगठा ओढायचा, डावा. हळूच. मग हसत उठते."

नवी सिस्टर सलाइनचे थेंब मोजत होती. ती हसून म्हणाली, "अहो, तुम्हीच ओढाल की. थोड्या दिवसांचा तर प्रश्न."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

साडेदहाला मोठ्या सिस्टर आल्या. "काय म्हणतायत बाई?" बाईंनी उत्तर दिलं, पण आवाज घोगरा झाला होता, घशात पीठ अडकल्यासारखा. मोठ्या सिस्टरांनी नाकात पाहिलं. छातीला बोट लावलं. "कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

त्यांनी शांतपणे चादर माझ्यावर नीट केली. मग नव्या सिस्टरला खिडकीशी नेऊन म्हणाल्या, "दुखत नाही, कारण दुखणं कळवणारं तिथे काही उरलेलंच नाही. इतकं खोल भाजलंय. घसा सुजायला लागलाय. आता नळी घालावी लागेल, मग बोलता येणार नाही. नवरा कुठाय?"

नव्या सिस्टरने दाराकडे पाहिलं. "घरी. मीच पाठवलं. मुलगी येणार होती... तीही मीच नको म्हटलं."

मोठ्या सिस्टर रागावतील असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "फोन कर. पळ."

फोन केला. पण घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि मुलीला शाळा दुसऱ्या कुणाच्या हाती देईना. डॉक्टर आले, थांबण्यासारखं नव्हतं. अकराला घशात नळी गेली आणि बाईंचा आवाज गेला. मुलगी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. शाळा इस्पितळाच्या मागेच होती, मित्रांनो. मधल्या सुट्टीतला गलका आमच्या खिडकीतून ऐकू येई.

सात वर्षांची पोर. पाठीला दप्तर तसंच. आईच्या चेहऱ्यावर पट्ट्या होत्या, बाकी सगळं चादरीखाली. ती मला बघून वडिलांना म्हणाली, "आई तंबूत झोपलीये?" नवी सिस्टर दारातून बघत होती. आईचं उजवं पाऊल दाराकडे होतं, तिच्या हाताशी. पण ती पलंगाला वळसा घालून खिडकीच्या बाजूला गेली, टाचा उंचावल्या आणि तिने आईचा अंगठा धरून हळूच ओढला. मग वाट बघत उभी राहिली. मग पुन्हा ओढला.

तो अंगठा हलला. मी अगदी जवळून पाहिलं. मावशी नंतर म्हणाल्या की औषधाच्या गुंगीत पाय हलतात तसे. मोठ्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून औषधांच्या बाटल्या लावत बसल्या. चौथ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. माझ्यावरची चादर काढली तेव्हा मला पहिल्यांदा उघडं पडल्यासारखं वाटलं.

महिन्याभराने तो बसचालक पुन्हा वॉर्डाच्या दारात आला. मी तिथेच भिंतीला टेकून होतो. त्याने नव्या सिस्टरला हुडकून काढलं.

"सिस्टर, शेवटचं बोलणं तुमच्याशी झालं तिचं. काही म्हणाली होती का? पोर रोज सकाळी रडत उठते. मी हाक मारतो, ती दचकते. विचारलं तर बोलत नाही."

"म्हणाल्या होत्या," नवी सिस्टर म्हणाली. "हाक मारायची नाही. पायाचा अंगठा ओढायचा."

"कुठला?"

मित्रांनो, तिला आठवेना. तिने ते नीट ऐकलंच नव्हतं, ती तेव्हा थेंब मोजत होती. मला माहीत होतं. माझ्या तिन्ही कमानी आतून "डावा, डावा" म्हणत होत्या, पण लोखंडाला कोण विचारतो? तिने डोळे मिटले. रिकाम्या हवेत बोट फिरवलं, दारापासून पलंगाला वळसा, खिडकीपर्यंत.

"डावा," ती म्हणाली. "पोर वळसा घालून गेली होती. डावाच." आणि तिला रडू कोसळलं. तो माणूस तिच्या रडण्यावर रागावला नाही. त्याने मान डोलावली, "डावा, डावा" असं स्वतःशी पुटपुटला आणि जिना उतरून गेला.

पुढे ती नवी सिस्टर स्वतःच मोठी सिस्टर झाली, करड्या आवाजाची. किती वाजता भाजलं, हे ती आधी विचारते. मग हात लावून विचारते, कळतंय का. आणि नातेवाइकांना सांगते, "मुलांना आत्ताच घेऊन या." रुग्ण बोलत असला की हातातलं काम बाजूला ठेवते, मग ते काही का असेना.

मी आता सामानाच्या खोलीत आहे. नवे पलंग आले, नव्या हलक्या कमानी आल्या. माझा एक पाय वाकला, रंगाचे पोपडे उडाले, मावशी माझ्यावर ओली फडकी वाळवतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझं मागणं वेगळं आहे. घरातली गॅसची नळी मोठ्यांकडून तपासून घ्या, हे तर आहेच. पण कुणी तुम्हाला "मला काही दुखत नाही" म्हणालं, तर लगेच हायसं वाटून उठून जाऊ नका. जवळ बसा. ते पुढे काय सांगतात, ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. अंगठा कुठला, हे त्याच शब्दात असतं.