वजा केलेला फेरा

“हेमलता, स्वल्प थांब गं, वेणी सुटली बघ तुझी!”

बनशंकरीच्या देवळाकडे शेताशेतांतून जाताना तिच्या नवऱ्याने, जयतीर्थाने, मागून घातलेली ती कानडी वळणाची हाक. माणूस गेला, हाक तेवढी राहिली.

हेमलता हे नाव लग्नात त्यानेच ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत तापाने तो गेला आणि चंद्रकांतरावांनी लेकीला माहेरी आणलं. पुण्याहून बेंगळूरच्या सरकारी कारखान्यात आलेले इंजिनिअर ते. तिचं कुंकू त्यांनी पुसू दिलं नाही. पुन्हा ‘नयना’ म्हणून हाक मारली, तिची खाट पुन्हा खिडकीशी लावली, कॉलेजात पुन्हा नाव घातलं. जयतीर्थाचा विषय मात्र घरात काढायचा नाही. तेवढा एक मायेचा कायदा.

त्या संध्याकाळी ते तिचं त्रिकोणमितीचं गणित घेत बसले होते.

“तेरा पाय (π) भागिले सहा रेडियन. याच बाजूवर संपणारा सगळ्यात लहान धन कोन सांग.”

एक पूर्ण फेरा म्हणजे दोन पाय, म्हणजेच बारा पाय भागिले सहा. तिने तो वजा केला. “पाय भागिले सहा.”

“शाब्बास! आणि पंचवीस पाय भागिले सहा?”

“दोन फेरे काढायचे. उत्तर तेच.”

“बघ! साइन तीच, कोसाइन तीच. बाजू जागेवर आली की मधला फेरा दिसतो कुणाला?”

“पुणेकरांना वजाबाकीची भारी हौस,” ती म्हणाली. अप्पा खळखळून हसले. तीही हसली.

तिने आकृती काढायला घेतली. पेन्सिल निघाली, सबंध वळसा घेऊन आली, थोडी पुढे जाऊन थांबली.

“बाजू तीच आहे, अप्पा. पण कोन तो नाही. ही फिरून आलीय.”

“अगं, पेपरात एवढं कोण...” बोलता बोलता ते थबकले. तिचे डोळे भरले होते.

“ते वर्ष तू विसरावंस, एवढंच वाटतं गं मला,” ते हळूच म्हणाले. “तुला त्या घरी दिलं, तिथंच माझं चुकलं.”

नयनाने पेन्सिल खाली ठेवली.

“नाही चुकलं, अप्पा. मी फार सुखात होते तिथे.”