नापास करणेबाबत

पान उलटलं आणि गावडे सरांनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. पाचव्या प्रश्नाच्या जागी उत्तर नव्हतं, अर्ज होता. अगदी रीतसर. ‘प्रति, माननीय परीक्षक’ आणि त्याखाली मधोमध, ‘विषय : मला नापास करणेबाबत.’

सरांना आधी हसूच आलं. बावीस वर्षं उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसानं काय पाहिलेलं नसतं? पास करा म्हणून देवाच्या शपथा घातलेल्या असतात, वडिलांचं दुखणं असतं, ठरलेली लग्नं असतात. पण नापास करा म्हणून कुणी गळ घातलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

‘महोदय, हा माझा शेवटचा पेपर आहे. माझं वय तेवीस पूर्ण आहे. मागच्या दिवाळीपासून मला घराबाहेर जाऊ देत नाहीत. मोबाइल काढून घेतला आहे. खोलीला बाहेरून कडी असते. फक्त परीक्षेला सोडतात, कारण ज्या घरी माझं लग्न ठरवलं आहे त्यांना वकील सून हवी आहे. निकाल लागला की तारीख धरणार आहेत. मी नको म्हणाले, ते कुणी ऐकत नाही. भाऊ गेटवर गाडी लावून बसलेला असतो. एकदा निसटून मी पोलिसांत गेले होते. त्यांनी मला चहा दिला आणि वडिलांना फोन केला.

‘आज कोरा पेपर द्यायचा असं ठरवून आले होते. पण घरी मला वही-पेन मिळत नाही. इथे प्रश्न समोर आला आणि हात थांबला नाही. चार उत्तरं झाल्यावर ध्यानात आलं, की आपण पास होणार. खोडायला घेतलं, ते मला जमलं नाही. ते आपण करावं. नापास झाले तर सहा महिने मिळतील. हे गैरप्रकार म्हणून कळवू नये, नोटीस घरी येते. कळावे.’

खाली सही नव्हती.

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या हॉलमध्ये चाळीस परीक्षक माना खाली घालून बसले होते. मे महिन्यात पंखेसुद्धा गरम हवाच फेकत होते. मल्हार गावडे सर दरवर्षी साताऱ्याहून आठ दिवसांसाठी इथं यायचे. आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क हा त्यांचा विषय. आटपाडीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातून येऊन प्राध्यापक झालेला हा माणूस गुणांच्या बाबतीत असा काटेकोर, की पोरं त्यांना मागून ‘तागडी’ म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. सगळी उत्तरं आधी वाचायची आणि गुण शेवटी टाकायचे, ही त्यांची शिस्त.

त्यांनी मागची पानं पुन्हा वाचली. मघाशी त्यांना एवढंच वाटलं होतं, की बऱ्याच दिवसांनी कुणीतरी अभ्यास करून आलंय. तिसरा प्रश्न होता संचारस्वातंत्र्याचा : आंतरराष्ट्रीय करार आणि भारतीय राज्यघटना यांची तुलना करा. पोरीनं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं तेरावं कलम, नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचं बारावं, आपलं एकोणिसावं आणि एकविसावं, सगळं नीट मांडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘बाईनं कुठं जावं आणि कुठं राहावं हे नात्यातल्या दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर ठेवणं या कलमात बसत नाही, असं करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं आपल्या भाष्यात म्हटलं आहे.’

हे भाष्य सर वर्गात शिकवत नसत. परीक्षेला येत नाही म्हणून गेली कित्येक वर्षं गाळत आले होते. त्यांना लाज वाटली.

कुणाला बेकायदा कोंडून ठेवलं, तर हेबिअस कॉर्पसचा अर्ज कुणीही करू शकतं, पार परका माणूससुद्धा, हे मात्र ते दरवर्षी रंगवून सांगायचे. आज तो परका माणूस ते स्वतः होते. पण अर्जात कोंडलेल्या माणसाचं नाव लिहावं लागतं, आणि उत्तरपत्रिकेवर नावाच्या जागी बारकोडचं स्टिकर होतं. सातारा, सांगली आणि आणखी कुठली कुठली केंद्रं. त्यातल्या कुठल्या गावातली कुठली खोली?

सर उठून केंद्रप्रमुखांच्या टेबलाशी गेले. लालासाहेब मोहिते पाटणकडचे, मोकळ्या तोंडाचे गृहस्थ होते.

‘मोहिते सर, या स्टिकरखाली कोण आहे, हे कळायचं असेल तर?’

‘कशाला कळायचं असंल? वळखीचं हाय का कोण?’

‘तसं नाही. समजा, आत काही भलतंच लिहिलेलं निघालं.’

‘आवं, मग गैरप्रकाराच्या पाकिटात घाला की. तिकडं स्टिकर उघडत्यात, नोटीस घरी जाती. आय-बाला घिऊन कमिटीपुढं यायचं. मग बघा कसं रडतंय त्ये.’

‘नोटीस घरीच जाते?’

‘मग काय शेजाऱ्याच्या घरी पाठवायची?’

‘दुसरा काही मार्ग?’

‘न्हाई. आन् नसावाच. नाव कळाय लागलं तर तुमच्या-माझ्या तपासणीवर इस्वास कोण ठेवील, सांगा बरं?’

नावं झाकायची पद्धत आणा म्हणून अभ्यास मंडळात सगळ्यात जास्त भांडलेले गावडे सरच होते.

जागेवर येऊन त्यांनी पेन उचललं. पास व्हायला चाळीस लागत होते. दोन-चार गुण कमी पडले तर विद्यापीठच भरून देतं, म्हणजे तिशीच्या आत आणायला हवं होतं. पहिल्या उत्तराला सतरा पडले असते. त्यांनी सहा टाकले. दुसऱ्याला सात. तिसऱ्याशी हात अडला. बावीस वर्षांत त्यांनी एक गुण इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, आणि आज समोर सगळ्यात चांगलं लिहिलेलं उत्तर होतं. ते मारायचं होतं. आपण या पोरीला सहा महिने देतोय की आणखी सहा महिने कडीआड ठेवतोय, हेही त्यांना कळेना. त्यांनी त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली आणि बाजूला पाच लिहिले. चौथ्याला आठ. अर्जाच्या पानावर शून्य. बेरीज सव्वीस. मग ती उत्तरपत्रिका गठ्ठ्याच्या मधोमध सरकवून त्यांनी दुसरी ओढली. कुणी फेरतपासणीत उघडली असती, तर ते अडकले असते.

साताऱ्याला परतताना एसटी कराडला थांबली, तेव्हा सर खाली उतरले नाहीत. शेजारच्या माणसानं दोनदा चहाला बोलावलं.

जुलैत वर्ग सुरू झाले आणि त्यांनी पहिल्यांदा ते भाष्य शिकवलं. एका मुलीनं विचारलं, ‘सर, हे परीक्षेला येणार का?’

‘येईल,’ सर म्हणाले. सगळ्या मुलींनी खाली मान घालून लिहून घेतलं. सर एकेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

दिवाळीनंतर पुनर्परीक्षा झाल्या. सरांनी मागून घेऊन आपल्याच महाविद्यालयात त्या पेपरला पर्यवेक्षण केलं. वर्गात अकरा मुली होत्या. अकराही जणी लिहीत होत्या. पेपर सुटल्यावर सर खिडकीत जाऊन उभे राहिले. गेटवर सात-आठ मोटारसायकली होत्या आणि प्रत्येकीवर कुणाचा ना कुणाचा भाऊ होता.

डिसेंबरात ते पुन्हा सांगलीला गेले. आपल्या विषयाचे पुनर्परीक्षेचे सगळे गठ्ठे मला द्या, असं त्यांनी मोहित्यांना सांगितलं, तेव्हा मोहिते म्हणाले, ‘लय हौस हो सर तुमाला. नापासांचे पेपर कोण मागून घेतं का?’

सरांनी पहिला गठ्ठा ओढला. ते अक्षर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते आता दिसू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. दिसलं नाही तर पोरगी सुटली, असं धरून चालता आलं असतं. पहिल्या गठ्ठ्यात ते नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिसरा गठ्ठाही संपत आला आणि सरांना सहा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखी वाटली.

मग एक उत्तरपत्रिका उघडली. पहिल्या पानावर पट्टीनं समास आखलेला होता. ‘प्रश्न १’ घातलेला होता. खाली ‘उत्तर’ लिहून दोन ठिपके दिले होते. त्यापुढं काही नव्हतं.

एवढ्याशा शब्दांवरून सरांनी ते अक्षर ओळखलं.

दुसऱ्या पानावर समास होता. तिसऱ्यावर, चौथ्यावर, सगळ्या पानांवर. प्रत्येक नव्या प्रश्नाला क्रमांक होता, ‘उत्तर’ होतं आणि खाली रिकाम्या ओळी होत्या. तीन तासांत तिनं बत्तीस पानांना समास आखले होते. पाचव्या प्रश्नाचं पान सरांनी उजेडाकडे धरून पाहिलं. तिथं अर्जही नव्हता.

ते पुन्हा पहिल्या पानावर आले.

शिपाई बाळासो गठ्ठे गोळा करत टेबलाशी येऊन थांबला. सरांच्या खांद्यावरून त्यानं डोकावून बघितलं.

‘कोराच हाय की ओ सर. टाका भोपळा आन् द्या गठ्ठा हिकडं. बाकी समद्यांचं झालं.’

‘थांब बाळासो,’ गावडे सर म्हणाले. ‘माझा अजून वाचून व्हायचाय.’