गोजराबाईंची काळी चार

"दादा, किती खाली?" तबला जुळवता जुळवता गेणूनं हळूच विचारलं.

"चार. आन् तोंड बंद ठेव," चंदर पुटपुटला.

कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर उणे चार दिसत होतं. चंदरनं त्यावर रुमाल टाकला. ओझरच्या मंडपात सप्त्याची दुपार होती, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि माइकसमोर त्याची बायको गोजराबाई पदर सारखा करत होती.

त्यांच्या गावाला, अख्ख्या मखमलाबादला, गोजराबाईंची काळी चार ठाऊक. चौथी काळी पट्टी हा तिचा सा, आणि तिथून बाई वर चढली की भले भले गाणारे गप्प बसायचे. मग गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. आवाज आला, पण वरचा निम्मा गेला तो गेलाच. बाई मुकाट्यानं झेंडूचे हार ओवत बसायची, अन्नावरची वासनाच उडाली. चंदरला ते बघवेना. आता कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं जुन्याच पट्टीवर राहतात, सूर तेवढा खाली उतरतो. त्यानं तो हळूहळू, एकेक पायरी उतरवला. गोजराबाई त्याच्या बोटांकडं बघायची. बोट काळी चारवरच असायचं. मग ती डोळे मिटून गायची. "आला बघा माझा आवाज," असं ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा चंदर मळ्यात जाऊन एकटाच रडला. तबला त्याच सुरात लावावा लागतो, म्हणून गेणूला सांगणं भाग होतं. बाकी कुणाला पत्ता नव्हता.

दोन अभंग छान झाले आणि लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला जरा वेळ लागला. "चला चला, बायांना घरी सैपाक हाय," म्हणून कुणीतरी घाई केली. चंदरनं कीबोर्ड पुन्हा चालू केला, पट्टी दाबली. लाइट गेली की ते यंत्र सगळं विसरून मूळ सुरावर येतं, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण पडद्यावर रुमाल तसाच होता, आणि गडबडीत त्याच्या ध्यानातच आलं नाही.

गेणूचा हात अडखळला. "दादा," तो म्हणाला, पण गोजराबाईनं वरच्या सा वरून गवळण उचललीसुद्धा. आवाज वर गेला आणि फाटला. तिनं पुन्हा जोर केला, तर नुसती हवा आली. पुढं बसलेली एक म्हातारी चुकचुकली.

चंदरनं रुमाल ओढला, बटण दाबत सुटला, आणि पट्टी वाजवून बघितली. तेच बोट, तीच काळी, आणि सूर पार खाली. गोजराबाई सगळं बघत होती.

त्याच खालच्या सुरात तिनं गवळण पुरी केली. आरतीला उभी राहिली, ओटी घेतली, बायकांशी हसून बोलली. टेम्पोत मात्र ती चंदरकडं पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी हार ओवता ओवता तिनं विचारलं, "कवापास्नं चाललंय हे?"

"तू पुन्यांदा गायला बसलीस तवापास्नं."

"मला वाटलं, देवीआईनंच आवाज दिला परत. गडावर जाऊन नवस फेडून आले मी. ती काय म्हनत आसंल मला?"

"जेवत नव्हतीस गं तू. मला दुसरं काय सुचंना."

"तुमच्यावर राग नाय माझा. पर आता आपल्या टाळवाल्या साधनाला म्हनू द्या. तिच्या जागी मी मागं टाळ धरीन."

"खालची पट्टी बी तुझीच हाय की. लोकं ऐकत्यात."

ती सुई-दोरा पाटीत ठेवून कीबोर्डजवळ येऊन बसली. "माझी काळी चार लावा एकदा," ती म्हणाली. "खरी."

चंदरनं पडद्यावर शून्य आणलं आणि पट्टी दाबली. सूर खोलीभर झाला. ती गाईल असं त्याला वाटलं. तिचे ओठ हललेही, पण मग मिटले. गळ्यावरच्या वणावर हात ठेवून ती नुसती ऐकत राहिली.

दारात बुधा टेम्पोवाला येऊन उभा होता, हारांच्या पाट्या मागत होता. चंदरनं पट्टीवरचं बोट उचललं नाही.