आठवी सीडी

कोरियाच्या मालिकांमध्ये खलनायकाचा सूट नेहमी हिरोपेक्षा चांगला शिवलेला असतो. खांद्यावर एक सुरकुती नाही, बाही मनगटावर थांबायला पाहिजे तिथंच थांबते. हिरो मात्र ढगळ कोटात फिरतो. तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेला माणूस म्हणून सांगतो, यात माझ्याशी वाद घालायचा नाही. शिरूरच्या बाजारात माझं ‘पाशा टेलर्स’ आहे, आणि मी दोन महिन्यांत अशा तीन मालिका बघितल्या.

हा नाद मला माझ्या पोरीनं, सुमैयानं लावला. ती रांजणगावला एका कोरियन कंपनीत लाइनवर होती. दोन हजार सात साली कंपनीनं तिला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला कोरियाला पाठवायचं ठरवलं. आमच्या घराण्यात तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. कंपनीला बापाच्या सहीचं पत्र हवं होतं. मी म्हणालो, तो मुलूख कसा आहे ते कळल्याशिवाय सही करणार नाही. तर तिनं तिथल्या साहेबांच्या बायकोकडून सीडींची चळतच आणून माझ्यापुढं ठेवली.

“घ्या अब्बा, बघा,” ती म्हणाली. “तिकडंबी माणसंच राहत्यात.”

बघितलं आणि माझा नकार आणखी पक्का झाला. त्या देशात रस्ता ओलांडणाऱ्याच्या अंगावर हमखास पांढरा ट्रक येतो. माणूस वाचतो, पण घरच्यांना ओळखत नाही. ज्याला ट्रक चुकतो त्याला रक्ताचा कॅन्सर होतो. श्रीमंत पोराची आई गरीब पोरीला हॉटेलात बोलावते आणि तिच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते. हिरोला मनातलं बोलायला बारा भाग लागतात, तेवढ्यात मी लग्नसराईतले चाळीस सूट काढतो. आणि तो दुसरा, छत्री धरणारा, ताप आला की औषध आणून देणारा, त्या भल्या माणसाला कुणी विचारत नाही. मी दर वेळी त्याच्याच बाजूनं असतो आणि दर वेळी हरतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. ती माणसं कितीही भांडली तरी आधी विचारतात, जेवलास का. रडत असली तरी जेवतात.

“न्हाई म्हणायला कारणं शोधायला बसला व्हता न्हवं?” माझी बायको हुसेनबी म्हणायची. “आता लाईट आली की मशीन सोडून टीव्हीम्होरं पळताय.” ते खरं होतं.

खाली इंग्रजी अक्षरं यायची. मला इंग्रजी येत नाही. सुमैया शिफ्टवरून आली की शेजारी बसून वाचून दाखवायची. बापाचं बोलणं जाड आवाजात, पोरीचं बारीक. दिवसभरात आमचं जे काही बोलणं व्हायचं ते तेवढंच.

तिसरी मालिका एका कोळ्याची आणि त्याच्या एकुलत्या पोरीची होती. आठ सीडी होत्या. पोरगी शहरात बुटांच्या कारखान्यात जायचं म्हणते, बाप नको म्हणतो. आठ दिवस तिच्याशी बोलत नाही. एका पहाटे ती पेटी घेऊन निघते. बाप दाराकडं पाठ करून जाळं विणत बसतो, वळूनसुद्धा बघत नाही. पहिली सीडी संपली तसा मी टीव्ही बंद केला. मी बोलून बसलो, “हिचा शेवट बघू दे. मंग सांगतो सही करायची का न्हाई ते.”

सुमैयाचा चेहरा उतरला. मला वाटलं, शिफ्टनं दमली असेल.

सातव्या सीडीच्या शेवटी तो म्हातारा रोज संध्याकाळी बसथांब्यावर जाऊन उभा राहायला लागला होता. पोरगी येणार की नाही? आठवी लावायच्या दिवशी सुमैया म्हणाली, “ती अडकतीय अब्बा. स्क्रॅच पडल्यात तिच्यावर.”

तिथून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. पत्र सोमवारी द्यायचं होतं. निमोण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय मी दोन बोटं आखूड कापला. रात्री तीनदा उठून पाणी प्यायलो. रविवारी सकाळी सुमैयानं ओव्हरटाइमला निघताना नुसतं विचारलं, “अब्बा, पत्राचं?” आणि मी खेकसलो, “एकदा सांगितलं न्हवं, शेवट बघितल्याबिगर न्हाई.” ती चप्पल घालून निघून गेली. भरलेला डबा तसाच ओट्यावर राहिला.

मी आठवी सीडी कागदात गुंडाळून पिशवीत घातली आणि दौंडची एसटी पकडली. माझा भाचा अजीम तिथं रेल्वेत क्लार्क आहे, त्याच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि त्याला इंग्रजी येतं. इनामगावच्या फाट्यावर बस बराच वेळ थांबली. कधी निघणार म्हणून मी कंडक्टरला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

अजीमनं सीडी उजेडात धरली, उलटीपालटी केली. “मामू, हिला काय झालंय? नवीकोरी हाय की.” आत सरकवली तशी ती चालू झाली.

माझं डोकं तडकलं. माझी पोरगी माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. साहेबांच्या घरी तिनं हा शेवट आधीच बघितला असणार. मनात म्हणालो, आता सहीचं नावच नको.

“वाच,” मी अजीमला म्हणालो.

ती पोरगी आली, पण एक दिवस उशिरा. म्हातारा आदल्या रात्रीच गेला होता. शेजारीण तिला सांगत होती, आणि अजीम सुमैयासारखे आवाज न काढता सपाट वाचत होता.

“मरताना तुझा बाप एवढंच म्हणत व्हता. पोरीला जाऊ दिलं त्याचं काय न्हाई. ती जाणारच व्हती. पर त्या दिवशी तिला उपाशी जाऊ दिलं.”

अजीमनं मध्येच थांबून विचारलं, “मामू, चहा टाकू?” माझं तिकडं लक्षच नव्हतं. डोळ्यांपुढं ओट्यावरचा डबा होता. माझी पोरगीही जाणारच होती, या साली नाही तर पुढच्या. सही तिच्या जाण्यासाठी नव्हतीच. ती कशी जाणार, एवढंच माझ्या हातात होतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडलो. लाज वाटली नाही. त्या मालिकांमध्ये बाप्ये रडतात, तेही मला पटतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सुमैया आली होती. माझ्या हातातल्या पिशवीकडं ती बघतच राहिली.

“कुठं गेला व्हता अब्बा?”

“दौंडला, अजीमकडं. म्हणलं त्याच्या कॉम्प्युटरवर तरी चालंल.”

ती खांबाला टेकून उभी राहिली.

“न्हाई चालली,” मी म्हणालो. “तिथंबी अडकली.”

त्या सीडीवर एक ओरखडा नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिनं पिशवी माझ्या हातातून घेऊन खुंटीला अडकवली.

“व्हय अब्बा,” ती म्हणाली. “खराबच हाय ती.”

मी पत्र मागून घेतलं आणि मशीनच्या फळीवर ठेवून सही केली. “शेवट तिकडं बघ,” मी म्हणालो. “आन् परत आल्यावर हितं बसून मला सांग. फोनवर न्हाई.”

तिनं मान हलवली. हुसेनबीनं ताट वाढून पुढं ठेवलं. सुमैयानं घास हातात घेतला आणि तिला हुंदका फुटला.

“आधी जेव,” मी म्हणालो.

ती रडत रडत जेवायला लागली, आणि मी तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.