मागून येणारी मोटारसायकल
सलग चौथ्या दिवशी मागून त्याच मोटारसायकलचा आवाज आला, तशी राजेश्वरीनं सायकल जोरात हाणली.

केडगावहून नगरातल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला सहाला हजर व्हावं लागे. इतक्या पहाटे रिक्षा नसत. नवरा हनुमंत घरची मोटारसायकल घेऊन उलट्या दिशेला, सुप्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाई. राहिली सायकल.

तिनं वेग वाढवला की मागचाही वाढवायचा, हळू केली की तोही हळू. घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं की आधी सायकल बंद होणार, मग काम.

आज मात्र तो अगदी बाजूला आला. ओढणीला हिसका बसला आणि राजेश्वरी सायकलसकट खडीवर आपटली. थोडं पुढं जाऊन तो थांबला, हेल्मेट न काढता सावकाश तिच्याकडे चालत येऊ लागला. रस्त्यापलीकडे दूध संकलन केंद्राचा दिवा दिसला. सायकल टाकून ती तिकडं धावत सुटली.

दूध घालायला आलेल्या साळूबाईनं तिचं सोललेलं कोपर पाहिलं. "कोन मागं लागलंय गं?"

"कोणी नाही. पडले."

साळूबाईनं बाहेर डोकावून दरडावलं, "ए, तोंड दाखव की!"

तो पळाला, पण केंद्रावरच्या आसारामनं गाडीचा नंबर टिपला.

"चल पोलिसांत. मी येते," साळूबाई म्हणाली.

"घरचे सायकल बंद करतील हो."

"आन उद्या त्यानं दुसरी गाठली म्हंजे?"

संध्याकाळी हनुमंतनं सगळं ऐकून घेतलं. "उद्यापासून सायकल बंद," तो म्हणाला.

"मग सहाला मला कोण पोचवणार? तुम्ही?"

तो गाडीची किल्ली खुंटीला अडकवायला वळला.

"तक्रार दिलीय मी. त्यानं केलं आणि घरात मी बसू?"

दोन दिवसांनी माणूस सापडला. त्यांच्याच गल्लीतला, दोन मुलींचा बाप, हनुमंतला रोज रामराम करणारा. राजेश्वरी कधी निघते, हनुमंत कधी जातो, सगळं त्याला घरबसल्या ठाऊक होतं.

सोमवारी तिनं रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधीच पुन्हा सायकल काढली. कोपऱ्यावर शेजारचे दोघं फिरायला निघाले होते.

"काय वहिनी, आज लवकर?" एकानं हसत विचारलं.

ओळखीचाच चेहरा होता. राजेश्वरीनं हँडल घट्ट आवळलं आणि उत्तर न देता पायडल मारलं.